ताई, एकदा शुद्ध म्हणा!

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. घरात रिकाम्या बरण्या साठतात ना, तसे ते साठतात. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. मग एके दिवशी फडताळ उघडावं, तर सगळ्या धडाधड अंगावर! माझं तसंच झालंय. नोकरीच्या निमित्ताने झाशीला आलो, सरकारी कंपनीत उमेदीची वर्षं घालवली, रिटायर झालो, इथेच नगरा भागात घर बांधलं आणि म्हटलं, आता निवांत पडायचं. कसलं निवांत! बुद्धिबळाची कोडी रचणाऱ्यांच्या तावडीत सापडलो. मला स्वतःला ना रचता येत, ना सोडवता येत. मी फक्त पट उचलतो, माणसांना आणतो-पोचवतो आणि चहा सांगतो. बायको म्हणते, "तुम्हाला त्यातलं काही कळत नाही, मग जाता कशाला?" खरंच सांगतो, मलाही माहीत नाही.

आधी एक समजून घ्या. ही माणसं बुद्धिबळ खेळत नाहीत. पटावर मोजक्या सोंगट्या मांडायच्या आणि विचारायचं, पांढऱ्याने खेळून दोन चालींत मात कशी? त्याचं उत्तर एकच असलं पाहिजे. पहिली चाल दुसरी कुठलीही करूनसुद्धा मात होत असेल, तर कोडं बाद. आमच्याकडे त्याला 'फुटकं' म्हणतात. भोक नसलेलं कोडं म्हणजे 'शुद्ध'. बास, एवढंच आहे. एवढ्यासाठी म्हातारी माणसं जेवण सोडतात.

आमच्यात रचणारे तीन. खंडेराव गेट भागातले अण्णा, कोर्टातून रिटायर झालेले, बँकेतले देशपांडे, आणि कंपनीतला पोरगेला इंजिनियर सागर. सोडवणाऱ्या एकट्या कुमुदताई. जन्मभर गणित शिकवलं, सिव्हिल लाइन्समध्ये एकट्या राहतात. त्यांच्याच व्हरांड्यात रविवारी दुपारी आमची बैठक. आता विचार करा, तीन स्वयंपाकी आणि जेवणारी एक! त्या बाईला सर्दी झाली तरी तिघांचे चेहरे पडायचे.

\*

ताईंचे शेजारी तिवारीजी. एकदा आवाज ऐकून कुतूहलाने आले. बघतात तर चार-पाच माणसं पटाभोवती बसलेली. कोणी बोलत नाही, कोणी सोंगटीला हात लावत नाही.

बराच वेळ उभे राहिले बिचारे. शेवटी म्हणाले, "किसकी चाल है?"

अण्णा म्हणाले, "सफ़ेद की."

"तो चल क्यों नहीं रहा?"

"चलना नहीं है. सोचना है."

"और काला कौन खेल रहा है?"

"कोई नहीं."

तिवारीजींनी सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "भैया, घरवालों को पता है?"

तेव्हापासून दर रविवारी येतात. चहा घेतात आणि जाताना न चुकता विचारतात, "आज कौन जीता?" समजावून सांगायचा मी आता नाद सोडलाय. "अण्णाजी," म्हणून मोकळा होतो.

\*

अण्णांना कोडं सुचायला पट लागत नाही. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर चौकटीचं मेणकापड आहे, झालं काम! मिठाची डबी पांढरा राजा, लोणच्याची बरणी काळा राजा, चमचे, वाट्या, झाकणं हे बाकीचं सैन्य.

नातीला बघायला ग्वाल्हेरचे पाहुणे आले होते. सूनबाई रेखा बुंदेलखंडी, मोठी कामसू. सकाळपासून राबत होती. पाहुणे जेवायला बसले, आणि अण्णांना नेमकं तेव्हाच काहीतरी सुचलं. हळूहळू एकेक वस्तू सरकवत बसले. मुलाच्या वडिलांनी लोणच्याची बरणी उचलली मात्र, अण्णा ओरडले, "अरे रख दीजिए उसे! वहीं रख दीजिए!"

पाहुण्याचा हात हवेतल्या हवेत. रेखा डोक्याला हात लावून उभी. अण्णा शांतपणे म्हणाले, "हाँ, अब ठीक है. आप रायता ले लीजिए, रायते का कुछ नहीं है."

लग्न जमलं, देवाची कृपा! पण मुलाकडून निरोप आला तो असा: "लड़की पसंद है, घर भी अच्छा है. बस दादाजी अचार किसी को नहीं देते."

\*

गणपतीच्या स्मरणिकेत एकदा देशपांड्यांचं कोडं छापायचं ठरलं. देशपांडे आठवडाभर छापखान्यात खेटे घालत होते. अंक हातात आला आणि माणूस मटकन खालीच बसला. सोंगट्या सगळ्या भलत्याच जागी!

आम्ही छापखान्यात गेलो. मालक हसतमुख. म्हणाला, "भाईसाहब, आपके सारे मोहरे एक कोने में ठुँसे पड़े थे. देखने में अच्छा नहीं लग रहा था. हमने बराबर से सजा दिए. इसका अलग से कुछ नहीं लिया!"

तोच अंक घेऊन ताईंकडे गेलो. देशपांडे रडकुंडीला आलेले. ताईंनी चष्मा चढवला, चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "एका चालीत मात होतेय."

देशपांडे चमकले. "खरंच? पांढऱ्याकडून?"

"नाही. काळ्याकडून."

\*

या बाईने कधी कोणाला सोडलं नाही हो! देशपांड्यांची बायपास झाली. बरे होऊन पहिल्यांदा आले ते नवं कोडं घेऊनच. आयसीयूत पडल्या पडल्या रचलेलं! आम्ही सगळ्यांनी ताईंना आधीच डोळ्यांनी खुणावून ठेवलं होतं. निदान आज तरी!

ताईंनी पाहिलं. "फुटकं."

मी कळवळून म्हटलं, "अहो ताई, नुकतंच ऑपरेशन झालंय..."

"ऑपरेशन त्यांचं झालंय. कोड्याचं कुठे झालंय?"

\*

आणि सगळ्यात जास्त मार खाल्ला तो अण्णांनी. देशपांड्यांना अधूनमधून 'शुद्ध' मिळायचं, सागरलाही मिळालं. अण्णांना आजवर एकदाही नाही! दर वेळी कुठेतरी भोक निघायचंच. अण्णांना दुसरं काही नको होतं. मुलगा मार्गी लागला, नात सासरी गेली, पेन्शन येतंय. "बस, ताई एकदा शुद्ध म्हणाल्या की मी मोकळा," एवढं एकच पालुपद. सागरने एकदा मोबाईलवर तपासून द्यायची तयारी दाखवली तर भडकले. "त्या डबड्याने शुद्ध म्हटलेलं मला काय करायचंय? ताईंनी म्हटलं पाहिजे!"

एकदा ताई बहिणीकडे पुण्याला निघाल्या होत्या. अण्णांना आदल्या दिवशी कोडं जमलेलं, त्या परत येईपर्यंत धीर कुठला! मला स्कूटर काढायला लावली. स्टेशनवर पोचलो तेव्हा सिग्नल झालेला. खिशातला छोटा चुंबकाचा पट अण्णांनी खिडकीच्या गजांशी धरला. ताई आतून बघतायत, गाडी हलली, अण्णा खिडकीबरोबर चालतायत आणि मी अण्णांचा सदरा धरून मागे. माझीच छाती भरून आली!

गाडीने वेग घेतला. खिडकीतून ताईंचा हात बाहेर आला आणि जोरजोरात हलायला लागला. अण्णा खूश! तेही हात हलवायला लागले, मोठ्या प्रेमाने.

तेवढ्यात आवाज आला, "टाटा नाही करत, अण्णा! फुटकंय! फुटकंय!"

\*

गेल्या उन्हाळ्यापासून मात्र सगळं बिनसलं. ताईंनी एका रविवारी पटाकडे बघत विचारलं, "यात पांढरं वरून खालीच येतंय ना?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पांढरं नेहमी खालून वर जातं. हे त्यांना विचारावं लागावं?

मग देशपांड्यांचं एक कोडं त्यांनी शुद्ध ठरवलं. देशपांड्यांनी पेढे आणले. फाटकाबाहेर येऊन सागरने मोबाईलवर पाहिलं तर ढळढळीत भोक! पुढच्या रविवारी सागरने मुद्दाम एक साधं, उघड फुटकं कोडं मांडलं. ताई कितीतरी वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शुद्ध." घरी जाताना पोरगा रडायच्या बेतात होता.

मग ताईंना कोणीच काही सांगितलं नाही. शुद्ध स्वस्त झालं, आणि स्वस्त झालं तसं कोणालाच नकोसं झालं. ताईंनाही कळत असणार. पटाशी बसताना पूर्वीसारखा पदर खोचत नव्हत्या. एकदा मला म्हणाल्या, "आता दुसरं कोणीतरी बघा रे सोडवायला." कोण बघणार? इथे घरातली पोरं मराठीत धड उत्तर देत नाहीत, ती कोडी सोडवणार! मला तर वाटायला लागलं होतं, बंद करावं हे एकदाचं. मीही थकलोच होतो.

अण्णांनी कोडी आणणंच थांबवलं. नुसते येऊन बसायचे.

\*

आणि आता मागच्या रविवारचं सांगतो.

अण्णांचे गुडघे हल्ली स्कूटरवर बसू देत नाहीत, म्हणून आम्ही ई-रिक्षाने निघालो. वाटेत अण्णा म्हणाले, "आज मांडणार आहे."

मी म्हटलं, "वा! जमलं वाटतं?"

"जमलं. सगळा हिवाळा तपासलंय. या खेपेला खरंच शुद्ध आहे, भैया. कुठून म्हणजे कुठून जागा नाही."

मला बरं वाटलं आणि वाईटही. म्हटलं, "पण आता ताई काय, काहीही आणलं तरी..."

"तेच तर!" अण्णा रस्त्याकडे बघत होते. "म्हणून काल मी त्यातलं एक प्यादं एक घर पुढे सरकवलं. उत्तर घोड्याचं होतं, आता वजिराने पण मात होते. ठसठशीत भोक आहे, नववीतल्या पोरीलाही दिसेल. बाईंना काहीतरी सापडलं पाहिजे हो. नाहीतर त्या उठतील या खुर्चीतून आणि परत बसायच्या नाहीत."

"आणि तुमचं शुद्ध?"

"असू दे," अण्णा म्हणाले. "आता कोणासाठी?"

जन्मभर ज्याच्यासाठी झुरला, ते या माणसाने स्वतःच्या हाताने फोडलं होतं.

अण्णांनी मांडलं. ताई बसल्या. देशपांडे, सागर, मी, सगळे श्वास रोखून. मी मनात म्हणतोय, ताई, वजीर बघा, वजीर! तिवारीजींनी काही विचारायला तोंड उघडलं, तर मी सरळ बिस्किटाची बशी त्यांच्यापुढे केली.

ताई बघत होत्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चहा आला, गार झाला. बघतच होत्या. मग मान वर केली आणि अगदी हळू, अगदी मायेने म्हणाल्या, "अण्णा, शुद्ध आहे."

देशपांड्यांनी टाळी वाजवली आणि अर्ध्यात थांबवली. अण्णांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांना नाही दिसलं! एवढं ढळढळीत भोक, आणि नाही दिसलं!

"पुन्हा बघा ताई," अण्णा म्हणाले.

"बघितलं."

"नीट बघा ना! घाई कसली आहे?"

"अण्णा, शुद्ध म्हटलं ना मी!"

"नाही हो शुद्ध!" अण्णा एकदम ओरडले. आवाज फुटला त्यांचा. "फुटकंय! दुसरं उत्तर आहे यात!"

तिवारीजींच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं.

ताई चिडल्या. "मला माहितेय ते! मी काय आंधळी आहे?"

"माहितेय? मग शुद्ध का म्हणालात?"

"तुमचं वय झालं म्हणून! म्हटलं, एकदा होऊ दे या माणसाच्या मनासारखं! तेही तुम्हाला पचत नाही!"

अण्णा हसायला लागले. डोळ्यांतून पाणी आणि तोंडाने हसू. "दिसलं ना? दिसलं ना तुम्हाला? मग दाखवा! दाखवा बघू."

ताईंनी पदर खोचला. पुढे वाकल्या, वजिराला हातसुद्धा लावला नाही, आणि लांबच्या कोपऱ्यातला उंट उचलून मधल्या घरात ठेवला.

आम्ही सगळे पटावर ओणवे झालो. सागर बोटांनी घरं मोजत होता. काळ्याने इकडे जावं तर मात, तिकडे जावं तरी मात. कुठूनही मातच!

अण्णा त्या उंटाकडे बघत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पण ताई... हे नव्हे."

"हे नव्हे म्हणजे?" ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अजून एक आहे?"