आश्रयाचा अर्ज
कार्बन पेपरचा वास आला की धुळ्यातली माझी टायपिंगची खोली आठवते. ब्रह्मदेशातून पळून आलेल्या एका विद्यार्थ्याला विहारातले भाऊ तिथे घेऊन आले. म्हणाले, “अक्का, याना अर्ज टाइप करी दे. बठ्ठं लिखजो.” म्हणजे सगळं लिही. परदेशी वकिलातीकडे आश्रय मागायचा होता. मोर्चात गेलो म्हणून वर्षभर तुरुंगात होतो, असं त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं. मी नोकरीचे अर्ज टाइप करणारी. तुरुंगाचं वाचून याला दारात कोण उभं करील, म्हणून ती ओळ मीच गाळली. तीन महिन्यांनी नकार आला. मायदेशी याला धोका दिसत नाही, असं त्यात होतं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पत्र मीच वाचून दाखवलं, पण गाळलेल्या ओळीचं बोलले नाही. त्या अर्जाची कार्बन कॉपी अजून माझ्याकडे आहे. टायपिंगची एकही चूक नाही तिच्यात.