अनंताच्या पुढचं विमान

आमचे मनोहरराव जळायचे. लपवू कशाले? अनंत देशकर मोठ्या विमान कंपनीत कॅप्टन झाला, अन् हे नागपूरच्या फ्लाइंग क्लबात पोट्ट्यांले विमान शिकवत राहिले. दोघं एकाच वर्षी, एकाच क्लबात शिकले होते. कंपनीनं अनंताले घेतलं, यांले नाही. तेव्हापासून पोटात जे दुखणं सुरू झालं, ते ओवा खाऊन जाणारं नव्हतं.

खामल्यातल्या आमच्या घरावरून अनंताचं विमान सोनेगावच्या विमानतळावर उतरायचं. आवाज आला की यांचा घास हातातच. "पाहा, किती खाली आणलं! असं आणतेत का?" मी म्हणायची, "उतरलं ना त्याचं? जेवा आता." पण मी तरी कुठं साधू होती! अनंताची शोभाताई हळदीकुंकवाले कलकत्त्याची साडी नेसून यायची अन् "ह्यांनी कालच आणली वं" म्हणायची, तेव्हा माझ्या बोटावरचं कुंकू तिच्या कपाळाऐवजी नाकावर जायचं.

चौऱ्याहत्तर साली जिनिंगवाल्या वामनरावशेटनं चार सीटचं लहान विमान घेतलं. पायलट पाहिजे होता. पगार चांगला, वर घरी टेलिफोन. शेट यांले म्हणाले, "एक खेप मुंबईची करून दाखवा. नीट उतरवलं तर नोकरी तुमची. वहिनीले बी घ्या सोबत." मुंबईत लहान विमानं जुहूले उतरतेत, पण शेटले हौस सांताक्रूझची. मोठी बोइंगं उतरतेत, तिथंच आपलं बी उतरलं पाहिजे!

शेट पुढं यांच्या बाजूले, मी मागं. मुंबई आली तसा डोक्यावरच्या स्पीकरमधून टॉवरवाला इंग्रजीत बोलायले लागला. यांनी शेटले समजावून सांगितलं, "तो म्हणून राहिला, मागून मोठं विमान येऊन राहिलं. धावपट्टीच्या सुरुवातीलेच टेकू नका. तसंच वरून पुढं जा, बाहेर पडायच्या वळणाजवळ टेका अन् पट्टी लवकर मोकळी करा." त्यात काही कठीण नव्हतं. हेच तर हे पोट्ट्यांले रोज शिकवायचे.

तेवढ्यात मागच्या विमानाचा कॅप्टन स्पीकरवर बोलला. आवाज मी ओळखला. यांनी बी ओळखला. अनंत!

मले यांची फक्त मान दिसत होती. ती ताठ झाली. अन् यांनी काय करावं? विमान पट्टीच्या पहिल्याच टोकावर टेकवलं! टेकवलं मात्र असं की धक्का म्हणून लागला नाही. मग त्या भल्यामोठ्या पट्टीवरून आमचं विमान वरातीसारखं निघालं. टॉवरवाला ओरडून राहिला, लवकर करा, लवकर करा. हे आपले आरामात. मागून गडगडाट झाला अन् अनंताचं विमान उतरता उतरता आमच्या डोक्यावरून परत आभाळात गेलं. खरं सांगते, मले बी बरं वाटलं. जा म्हटलं, मार एक चक्कर!

शेटचा चेहरा पांढरा पडला. "हे काय झालं जी?" यांनी आता कुठं विमान पट्टीबाहेर वळवलं.

उतरल्यावर विमानतळाच्या साहेबानं आम्हा तिघांले बोलावणं धाडलं. साहेब यांले विचारणार, तेवढ्यात अनंतच आत आला. त्यानं यांच्याकडं एकदा पाहिलं. सोबत शिकलेला तो, त्याले काय समजलं नसेल? साहेबाले म्हणाला, "यांची चूक नाही. मीच फार जवळ आलो होतो. अंतर मी ठेवायले पाहिजे होतं."

शेटचा जीव भांड्यात पडला. यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चला, मग नोकरी पक्की!"

मी मनातल्या मनात देवाले हात जोडले. पहिला टेलिफोन शोभाताईलेच करायचा, हे बी ठरवून टाकलं. अन् हे बोलले.

"खोटं बोलून राहिला तो, साहेब. मले पुढं टेकायले सांगितलं होतं. मी मुद्दाम अलीकडं टेकलो. चाललो बी मुद्दामच हळू."

झालं! साहेबानं यांले उभं-आडवं झापलं. शेट म्हणाले, विमान तेवढं नागपूरले पोचवा, पायलट मी दुसरा पाहतो. अन् स्वतः कशानं गेले? अनंताच्या विमानानं!

परत येताना शेटच्या सीटवर मी बसली. घाट ओलांडेस्तोवर तोंड दाबून होती, मग फुटलीच. इंजिनाच्या आवाजात ओरडून म्हटलं, "काहून बोलले जी? तो वाचवून राहिला होता तुमाले! हाती आलेली नोकरी लाथाडली! एवढं कोणतं भूत शिरलं अंगात?"

हे समोर पाहतच म्हणाले, "कंपनी त्याले भेटली. नाव त्याले भेटलं. आता माझी चूक बी त्यालेच देऊ का वं?"