डीमनची किमची

लॉकडाऊनमध्ये लोकांनी काय काय साठवलं! कुणी पास्ता, कुणी टॉयलेट पेपर. आम्ही किस्से साठवले, आणि तेही बहुतेक एकाच फ्रीजमधले. अजूनही आमचा कंपू जमला की कुणीतरी म्हणतंच, "केतकीच्या कोबीचं सांग ना." मग मी सांगते. दर वेळी थोडं वाढवून सांगते, असं माझा नवरा म्हणतो. त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

*

केतकी म्हणजे हॉलंडमधल्या डीमन गावी आमच्याच मजल्यावर राहणारी माझी मैत्रीण. मंदारच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आली, डच शिकली आणि बरीच धडपड करून एका हॉटेलच्या किचनमध्ये नोकरी मिळवली. नोकरी जरा अंगवळणी पडते न पडते तोच कोरोना आला आणि हॉटेल बंद. मंदार बेडरूममधून मीटिंग करायचा, आठ वर्षांची रमा हॉलमध्ये शाळा करायची. केतकीला उरलं घरचं किचन. एकदा मला म्हणाली, "सगळ्यांना काम आहे गं. मलाच नाही." हे ती हसत म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं.

संध्याकाळी आम्ही दोघी आपापल्या घरी एकच कोरियन सिरियल बघायचो आणि मध्येमध्ये फोन करायचो. त्यातली माणसं प्रेमात पडली तरी जेवतात, भांडली तरी जेवतात, आणि प्रत्येक जेवणात ती लालभडक किमची, म्हणजे मिरची लावून आंबवलेला कोबी, असतेच. एक दिवस केतकीने जाहीर केलं की आपण किमची करायची. चायनीज कोबी सुपरमार्केटात मिळाला. कोरियन मिरची मिळेना, तर तिने माहेरहून आलेली बेडगीची पूड काढली. माशाचा सॉस तिने गाळला, कारण ती शाकाहारी. मसाल्यात तांदळाच्या पिठाची पेज घालायची होती. "पेज तर आपलीच," ती म्हणाली. "मग अवघड काय आहे यात?"

*

अवघड पुढेच होतं. किमची म्हणजे शेवटी लोणचंच, असं धरून केतकीने ती बरणीत दाबून काठोकाठ भरली, वरून तेल सोडलं, तोंडाला दादरा बांधला आणि बरणी बाल्कनीत चक्क उन्हात ठेवली! इथे एरवी ऊन शोधावं लागतं. नेमकं त्याच आठवड्यात ते कडकडीत पडलं.

बरणी फसफसून उतू गेली. लाल पाणी थेट खालच्या बाल्कनीत, पीटरकाकांच्या नव्याकोऱ्या सायकलच्या सीटवर. काका वर आले, नियमाप्रमाणे दारापासून दीड मीटरवर उभे राहिले आणि कुठला पाइप फुटलाय का, असं त्यांनी सभ्यपणे विचारलं. केतकीने रडवेली होऊन खरं काय ते सांगितलं, माफी मागितली आणि वाचलेली किमची एका वाटीत घालून दारापुढे जमिनीवर ठेवली. मी माझ्या दारातून सगळं बघत होते.

दुसऱ्या दिवशी काका वाटी घेऊन आले. पावावर चीज आणि चीजवर किमची, असं त्यांनी खाल्लं होतं म्हणे.

"छान आहे," काका म्हणाले. "फक्त पुढच्या वेळी वरून नको. दारातून द्या."

*

आमच्या वरच्या मजल्यावर सूजिन राहायची. कोरियाची, तिशीतली, एकटी. तिची आई बुसानला, तीही एकटी, आणि सूजिनला जायची सोय नव्हती. पुढच्या खेपांना किमची जमायला लागली तशी केतकीने ती एका कडीच्या डब्यात भरली. स्टीलचा डबा, झाकणावर केतकीच्या आईचं नाव कोरलेलं. डबा सूजिनच्या दाराशी ठेवला, बेल वाजवली आणि ती मागे सरकली.

सूजिनने डबा परत आणला तो स्वच्छ धुऊन, पुसून आणि रिकामा. वाकून नमस्कार करून म्हणाली, "थँक यू. व्हेरी नाइस इंडियन पिकल."

केतकीने दार लावलं आणि मला फोन केला. "लोणचं म्हणाली गं ती. आणि डबा रिकामा दिला!" यातलं तिला जास्त काय लागलं ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्या दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला. हॉटेल उघडो न उघडो, सूजिनच्या तोंडून 'किमची' हा शब्द ऐकायचा. ज्याला कळतं अशा माणसाने तिच्या हाताला नावाजायला हवं होतं. मंदारला घरात 'लोणचं' म्हणायची बंदी झाली. चुकून म्हणाला तर त्याला जेवायला नुसता भात आणि किमची.

*

रिकाम्या डब्याचं मी मिटवलं. सायकली ठेवायच्या खोलीत सूजिन भेटली तेव्हा तिला सांगूनच टाकलं, की आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तिने फार गंभीरपणे ऐकून घेतलं.

पुढचा डबा आला तो भाजलेल्या समुद्रशेवाळाच्या पातळ पापड्यांनी भरून. नंतर संत्री आली. नंतर टी-बॅग. एकदा बिचारीच्या घरात काहीच नसावं. केतकीने डबा उघडला तर आत एक बटाटा!

केतकीने तो साबुदाण्याच्या खिचडीत घातला.

*

केतकीच्या सासूबाई पुण्याला. व्हिडिओ कॉलवर त्यांना किमची दाखवली तर म्हणाल्या, "कोबी नासलाय, टाकून दे." प्रत्येक कॉलला हेच. मग एकदा मंदार उठून गेल्यावर त्यांनी हळूच कृती विचारली. लगेचच्या रविवारी त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो झळकला. साधा गोल कोबी, वर कोथिंबीर, आणि खाली "आमच्या सूनबाईंची हॉलंडची पारंपरिक डिश."

केतकी दुरुस्ती करायला निघाली होती. मंदारने फोन काढून घेतला.

"आई पहिल्यांदा चारचौघांत तुझं कौतुक करतेय," तो म्हणाला. "हॉलंडची तर हॉलंडची."

*

सूजिन मात्र 'पिकल'वरून हलत नव्हती. नियम सैल झाल्यावर ती केतकीच्या किचनच्या दारात उभी राहून बघायला लागली. एकदा तिने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन केतकीच्या हातांवर धरला. केतकी कोबीच्या पानापानांत मीठ भरत होती, चमच्याशिवाय, अंदाजाने. तिकडून आई कोरियनमध्ये बरंच काही बोलली. केतकीचा हात थांबला.

सूजिनने तोंड वाकडं करत सांगितलं, "आई म्हणते, हिला काही शिकवू नकोस. हिच्याकडून शिक."

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचा हात लागला म्हणाली. मिरचीचा डबा अजून उघडलाही नव्हता.

आणि जाताना सूजिन काय म्हणाली? "पिकल झालं की सांग हं."

*

शाळा उघडल्यावर रमाच्या बाईंनी मुलांना घरच्या जेवणाबद्दल बोलायला सांगितलं. रमाने किमचीवर भाषण ठोकलं, पेजेसकट, अस्खलित डचमध्ये. बाईंनी केतकीला बाजूला घेऊन विचारलं की तुम्ही भारतातल्याच ना. केतकी म्हणाली, "भारतातल्याच. पण आमच्या घरी हेच करतात." मला तिचा इतका अभिमान वाटला की हे मी ऑफिसच्या मीटिंगमध्येही सांगितलं. विषय बजेटचा होता.

*

विमानं सुरळीत झाली तेव्हा सूजिनने बुसानचं तिकीट काढलं. आईला ती दोन वर्षांनी भेटणार होती. निघायच्या आदल्या दुपारी ती खाली आली, हातात कडीचा डबा. मी तेव्हा केतकीकडे चहाला बसले होते.

केतकीने डबा हातात घेतला आणि तिचा चेहरा पडला. डबा हलका होता. तरी तिने कडी काढून पाहिलं. आत काही नव्हतं, बटाटासुद्धा नाही.

"रिकामा?" केतकी मराठीतच म्हणाली.

एवढं मराठी सूजिनला एव्हाना कळत होतं. तिने झाकण उचलून केतकीच्या हातात दिलं.

"भरून दे," ती म्हणाली. "आईसाठी किमची न्यायचीय."