भिंतीला सोडलेला अंगठा

आमच्या घराची नवी चौकट भिंतीत मावली नाही, याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. गुरुवारी सकाळी वाळवीने खाल्लेली जुनी चौकट उपटून काढली, नवी दोघांनी उचलून आणली, आणि ती दाराच्या तोंडाशी अडून बसली. हिलाल मिस्त्रींनी ती एकदा डावीकडून लावून पाहिली, एकदा उजवीकडून. मग भिंतीला टेकवून ठेवली आणि विचारलं, "हाई कोनी मोजं रे?"

माझी बहीण वर्षा आतून ओरडली, "आमच्या साहेबांनी!"

साहेब म्हणजे मी. सुरतेत रिंगरोडच्या मार्केटात साड्या आणि ड्रेस मटेरियलच्या दुकानात दिवसभर कापड मोजतो. मिस्त्री त्या आठवड्यात भेस्तानच्या कामावर अडकले होते, म्हणून मीच फोनवर माप सांगितलं होतं. म्हटलं, मोजायचं काम आपल्याला कोण शिकवणार? रुंदी भरली एकोणचाळीस इंच, मी सांगितली चाळीस. उंची ब्याऐंशी, सांगितली त्र्याऐंशी. आमच्याकडे गिऱ्हाइकाला मापावर अंगठाभर कापड जास्त सोडायची रीत आहे. माप तोंडातून निघतानाच अंगठा धरून निघतं, त्याला मी काय करू?

"भित शे भो ती," मिस्त्री म्हणाले, "लुगडं नही."

आई, म्हणजे कलाबाई, हसली नाही. रविवारी घरात कानबाई, आमची श्रावणातली देवी, बसायची होती. आजवर भाड्याच्या खोलीत होतो, म्हणून देवी काकांकडे बसायची. हे घर आमचं झाल्यावरची ही पहिलीच कानबाई. "उघडा घरमा माय कशी बसी, हिलालभाऊ?" एवढंच ती म्हणाली आणि मोकळ्या भगदाडावर जुनी साडी बांधायला लागली. साडी माझ्याच दुकानातली, हे वर्षाने मोठ्याने सांगितलं.

हिलाल मिस्त्री मूळचे पारोळ्याकडचे. सतराव्या वर्षी सुरतेत आले ते लूमचे लाकडी धोटे दुरुस्त करायला. पुढे मशिनं बदलली, धोटे गेले, आणि मिस्त्री दारांकडे वळले. आज आमच्या लिंबायतमध्ये ते पत्ता विचारत नाहीत, दार विचारतात. "तो बन्सीलाल? फुगेल दारवाला?" लोकांची नावं ते विसरतात, पण कुठल्या घराचं दार पावसाळ्यात घासतं हे नेमकं ठाऊक.

टेप त्यांच्याकडे आहे. तिने ते पाठ खाजवतात. माप घ्यायचं ते सागाच्या बारीक काठीवर. प्रत्येक घराची वेगळी काठी, तिच्यावर पेन्सिलच्या खुणा, टोकाला घरमालकाचं नाव. आकडा ऐकताना, सांगताना बदलतो, खूण बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुकानात मागे अशा काठ्यांच्या जुड्या बांधून ठेवल्या आहेत. चाळीस वर्षांत दुसऱ्याच्या मापावर त्यांनी लाकूड कापलं नव्हतं. आईच्या रविवारापायी एकदाच कापलं, आणि नेमकं माझ्या मापावर.

"आता तूच मोज," त्यांनी कोरी काठी माझ्या हातात दिली. "वर, मधी, खाले. तीन जागे."

वर खूण केली. मध्ये तेवढंच. खाली मात्र खूण मावेचना, भिंतीला अर्धा इंच पोट सुटलेलं.

"हाई पोट तुले दिसनं नही?"

"मी एकाच जागी मोजलं."

"कापडले पोट नही ऱ्हात ना!" मिस्त्री आता मनापासून हसले. "तिन्हीमा जे धाकलं, तेच खरं." मग सुतळीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरप्या रेघा माझ्याकडून मोजून घेतल्या, दोन्ही बाजूंना पाव पाव इंच मोकळं सोडायला लावलं आणि काठीवर माझ्याच हाताने खुणा करवल्या. टोकाला नाव लिहायला सांगितलं. मी आईचं लिहिलं.

बरं एवढंच, की चौकट मोठी झाली होती. मोठी कापता येते. आणि दाराची फळी चौकट उभी राहिल्याशिवाय ते कापतच नाहीत, त्यामुळे ती माझ्या तावडीतून सुटली. शुक्रवारी चौकट खोलून उंबरा आणि वरचं लाकूड आखूड केलं, चुली पुन्हा पाडल्या, पाय छाटले. चुली म्हणजे लाकूड लाकडात बसायचे सांधे. खांब धरायला मी, शिव्या खायलाही मीच. शनिवारी चौकट भिंतीत अशी उभी राहिली, की आईने ओल्या सिमेंटकडे न बघता थेट उंबऱ्याला हळद-कुंकू लावलं. रविवारी सकाळी दार बसलं. आईने ते सात-आठ वेळा उघडून लावून पाहिलं, मग मला म्हणाली, "आते तू हात लाऊ नको."

दुपारी नथ घालून, नटून कानबाई त्याच उंबऱ्यावरून आत आली. मिस्त्री गर्दीत मागे उभे होते. मी पाहिलं, देवीला हात जोडायच्या आधी त्यांनी दाराच्या वरच्या फटीकडे पाहून घेतलं.

ठरलेली मजुरी आईने त्यांना कधीच देऊन टाकली होती. जास्तीच्या दोन दिवसांचं विचारलं, तर म्हणाले, "ते हाऊ पोऱ्या देई. सदराना कापड. अडीच मीटर, अंगठा सोडीसन."

आता पंचाईत अशी, की आमच्या दुकानात सगळं बायकांचंच कापड. सदऱ्याचं घ्यायचं तर शेजारच्या दुकानातून, आणि तो गृहस्थ अंगठा सोडत नाही. त्याला तीनदा विचारून झालं. मिस्त्री रस्त्यात भेटले की लांबूनच अंगठा दाखवतात.