चवड्यावरचा घट्टा

पहाटे चारला मालसुनचा दिवस सुरू व्हायचा. साडेचारला ती इंचन शहराच्या जुन्या बाजारामागच्या बायकांच्या न्हाणीघरात हजर असायची. पाचला दार उघडायचं. त्याआधी रेक्झिनचे दोन्ही बाक खळखळून धुवायचे आणि खरखरीत हिरवे हातमोजे उकळून पिळायचे.

लोकांची अंगं घासून द्यायचं काम ती सव्वीस वर्षं करत आली होती. नवख्या बाईला वाटतं, जोर लावला की झालं. जोर लावला तर कातडी सोलते आणि मळ जागचा हलत नाही. बाईला आधी वीस मिनिटं गरम हौदात बसवायचं, मग मनगट न वाकवता खांद्यातून लांब हात ओढायचा. मळाच्या शेवया पडल्या पाहिजेत. एका अंगाला चाळीस मिनिटं. तिसात उरकलेल्याला मालसुन काम म्हणायची नाही.

तिची एकुलती एक मुलगी नारे त्याच न्हाणीघराच्या कपडे बदलायच्या खोलीत गृहपाठ करून मोठी झाली. "तळपाय बघ," मालसुन तिला सांगायची, "बाई दिवसभर काय करते ते तिथे कळतं." आता नारे मालिकांच्या रंगभूषेत होती. जखमा, जुने व्रण, सुरकुत्या ही तिची कामं. चार वर्षं दुसऱ्यांचे ब्रश धुतल्यावर तिला 'सात दारांचं घर' ही मालिका मिळाली होती. कामाला लागताना तिनं कागदावर सही केली होती: कथेतला एक शब्द बाहेर गेला तर नोकरी गेली, आणि या धंद्यात पुन्हा कुणी उभं करणार नाही. म्हणून मायलेकी फोनवर जेवणाखाणाचं बोलायच्या, मालिकेचं चुकूनही नाही.

मालिका शनिवारी-रविवारी रात्री आठला लागायची. सोमवारी न्हाणीघरात दुसरा विषय नसायचा. श्रीमंताच्या त्या घरातल्या तिजोरीतून रात्री कागद पळवतं कोण, हा चौदा भागांचा प्रश्न होता.

"ड्रायव्हरच," उकडलेली अंडी विकणारी ओकजा म्हणाली. "त्याच्याकडे किल्ल्या आहेत."

"तुला काय, ज्याच्याकडे गाडी तो चोर," बाकावर पालथी पडलेली युरिम म्हणाली. ती पोरगी बँकेत होती आणि मालिकेच्या चाहत्यांच्या मंडळात रोज लिहायची. "धाकट्या मुलाला जुळा भाऊ आहे. घड्याळ कधी डाव्या हातात, कधी उजव्या. आमच्या मंडळात दोन हजार जणांनी मान्य केलंय."

"दोन हजार रिकामटेकडे!"

"मावशी, तुम्ही सांगा. तुम्हाला कोण वाटतं?"

मालसुन तिची पाठ घासत होती. हात थांबला नाही, पण तोंड सुटलं.

"थोरली सून."

दोघी हसल्या. थोरली सून तीन वर्षं बेशुद्ध पडून होती. नळीनं अन्न घ्यायची.

"अगं नारेची आई, ती मेल्यात जमा आहे!"

"काल नर्सनं तिचे पाय पुसले, पडदाभर पायच दिसले, पाहिलंत? टाचा लोण्यासारख्या. तीन वर्षं झोपलेल्याच्या अशाच असतात. पण चवड्यावर पिवळा घट्टा होता, बोटांच्या मुळाशी, दोन्ही पायांना. टाच न टेकता, अनवाणी, रोज चालल्याशिवाय तसा घट्टा पडत नाही." तिनं युरिमच्या कमरेवर थाप मारली. "वळ आता कुशीवर."

युरिम वळली नाही. उठून बसली, ओल्या अंगानंच कपाटाकडे धावली आणि फोन घेऊन आली.

मंगळवारी दुपारी नारेचा फोन आला. आवाज इतका खाली की मालसुनला नळ बंद करावा लागला.

"आई, पायाचं तू बोललीस?"

"मी पाहिलं ते बोलले."

"दीड लाख लोकांनी वाचलंय. वर लिहिलंय, इंचनच्या न्हाणीघरातल्या मावशीनं ओळखलं. इथे सगळ्यांना ठाऊक आहे माझी आई काय करते. ते खरं आहे, आई. सतराव्या भागात ती उठणार आहे. आता म्हणतात मीच तुला सांगितलं."

मालसुन बाकाच्या कडेवर बसली. दिवसा ती कधी बसत नसे.

"मी येते."

"येऊन काय करणार?"

"जे केलं नाही ते केलं नाही म्हणणार."

बुधवारी ती सेऊलला गेली. सव्वीस वर्षांत तिसरी रजा. निर्मात्यांच्या कचेरीतल्या खोलीत व्यवस्थापक थाक साहेब होते, मालिकेची लेखिका बे बाई होती आणि भिंतीला लागून नारे उभी होती. तिनं आईकडे पाहिलं नाही.

"बाई," थाक साहेब म्हणाले, "मुलीनं कबूल केलं तर निदान पोलिसांत जाणार नाही आम्ही."

"तिनं सांगितलं नाही. पायांनी सांगितलं."

"पायांनी!"

"तुमचे बूट काढा."

"काय?"

"काढा हो," बे बाई म्हणाली. "बघू तरी."

थाक साहेबांनी कपाळाला आठ्या घालत बूट-मोजे काढले. मालसुन खाली बसली. पाय हातात घेतला, अंगठा फिरवला.

"डावा गुडघा दुखतो तुमचा. वर्षभर तरी झालं असेल. सगळा भार उजव्या टाचेच्या बाहेरच्या कडेवर टाकता. लाजेखातर लंगडत नाही एवढंच."

थाक साहेबांनी पाय ओढून घेतला. बे बाईला हसू आलं, ते तिनं दाबलं. मग तिनं चौदाव्या भागातलं ते दृश्य पडद्यावर थांबवलं. लोण्यासारख्या टाचा. चवड्यावर पिवळट घट्टा.

"हे मी लिहिलं नव्हतं," ती सावकाश म्हणाली. "मी लिहिलं होतं, पाय पुसते. एवढंच."

"मग घट्टा आला कुठून?" थाक साहेबांनी विचारलं.

तेव्हा मालसुनला कळलं आपण काय केलं ते. तो रंग होता. असा घट्टा कुठे पडतो हे त्या सगळ्या लोकांत एकाच पोरीला ठाऊक असणार. आपण तिला फितुरीतून सोडवलं आणि दुसऱ्या गुन्ह्यात पुढे ढकललं. थाक साहेबांनी पुन्हा विचारलं.

"मी काढला," नारे भिंतीपासून म्हणाली. "कुणी सांगितलं नव्हतं. ती रोज रात्री चालते हे मला माहीत होतं. कोरा पाय द्यायला हात होईना."

"तुला विचारायला तोंड नव्हतं?" थाक साहेब कडाडले.

"दोन क्षणांचं दृश्य. कोण बघणार वाटलं."

बे बाई पडद्यावरच्या पायाकडे बघत राहिली. शेवटी थाक साहेब म्हणाले, "मालिका संपेपर्यंत दोघींनी एकमेकींशी बोलायचं नाही. फोनही नाही. मुलीला ठेवायचं की काढायचं ते आम्ही बघू."

तीन आठवडे मालसुनला काही कळलं नाही. ती पहाटे चारला उठत राहिली. ओकजा आता ड्रायव्हरचं नाव काढत नसे. युरिमनं दोनदा माफी मागितली. मालसुन म्हणाली, "हौदात बस आधी. वीस मिनिटं."

कळायचा एकच मार्ग होता. शेवटच्या भागानंतर काम करणाऱ्यांची नावं येतात. पण तिच्या घरचा टीव्ही जुना, वीतभर. त्यावर ती नावं मुंग्यांसारखी पळत. शेवटच्या शनिवारी दुपारी दोन माणसांनी नवा टीव्ही जिन्यानं तिच्या घरी चढवला. भिंतीएवढा. सांध्यांच्या इलाजासाठी बाजूला ठेवलेली मजुरी त्यात गेली.

रविवारी आठला ओकजा आणि युरिम जमिनीवर बसल्या. मालसुन उभी राहिली. थोरली सून अंगणातून चालत गेली, अनवाणी, टाचा उचलून, आणि कॅमेरा तिच्या पायांवरच राहिला. शेवटचं दार बंद झालं. नावं सुरू झाली. मोठ्या नटांची, मग छोट्यांची, मग दिवे, आवाज, गाड्या. रंगभूषा. पहिलं नाव दुसऱ्याचं. दुसरंही दुसऱ्याचं. युरिमनं तोंडावर हात ठेवला.

सर्वांत खाली एक ओळ होती: हातपाय – प्यो नारे.

एका श्वासात गेली.

"एवढ्याशा ओळीला एवढा मोठा टीव्ही?" ओकजा डोळे पुसत म्हणाली.

"वाचता आली ना," मालसुन म्हणाली आणि फोन हातात घेतला.