गिधाडं मोजायला गेले होते

गिधाडांचा अभ्यास करायला मी नेपाळला गेले, तेव्हा आईनं गल्लीत "पोरगी पक्ष्यांचं शिकायला गेलीया" एवढंच सांगितलं होतं. गिधाड हा शब्द तिच्या तोंडून निघत नव्हता.

तिकडं पार उत्तरेला, झाडं संपतात त्याच्याही वरच्या एका गावात मी राहत होते. घरात माझ्याहून थोडी मोठी दिदी आणि तिची म्हातारी आई, अशा दोघीच. म्हातारीला मीही आमा म्हणायचे. तिला हिंदी येत नव्हती. रोज सकाळी ती माझ्या हातात लोणी-मिठाचा चहा द्यायची आणि मी तोंड वाकडं केलं की खो खो हसायची.

थंडीत आमा गेली, झोपेतच. लामा आले, मंत्र सुरू झाले. मी दिदीला म्हणाले, "लाकडं आणायला मी येते."

"लाकडं लागत नाहीत. आज तू तुझ्या कामाला जा."

मला वाटलं, पुरणार असतील. परक्या माणसानं मध्ये नको, म्हणून दुर्बीण घेऊन नेहमीच्या कड्यावर जाऊन बसले.

समोरच्या उतारावर गिधाडं उतरत होती. एवढी एकत्र मी कधीच पाहिली नव्हती. हरखून मोजायला लागले. याक पडला असेल असं समजून दुर्बीण जरा खाली नेली, तर तिथं माणसं होती. पाठ फिरवून बसलेली दिदी तिच्या लाल शालीवरून ओळखू आली. आणि मग तिच्यामागच्या सपाट दगडावर, गिधाडांच्या गर्दीत, काय होतं ते कळलं. आमा होती.

दुर्बीण हातातून सुटली. नुसत्या डोळ्यांना तिथं काळे ठिपके तेवढे दिसत होते, तरी मी डोळे गच्च मिटून घेतले.

संध्याकाळी दिदीनं विचारलं, "वरून बघत होतीस ना? खूप आली होती?"

मी मान हलवली.

"लगेच आली," ती समाधानानं म्हणाली. "माणूस चांगलं असलं की येतात." चहा घुसळायचं लाकडी नळकांडं तिनं पुढं ओढलं, एक-दोनदा घुसळलं आणि तसंच कवटाळून रडायला लागली.

परत आल्यावर आमच्या कळंब्याच्या घरी सांगितलं, की तिकडं माणूस गेलं की देह गिधाडांना देतात, आमालाही तसंच दिलं. भाकरी थापणारा आईचा हात थांबला. "आत्ता ग बया! आणि तू त्या घरात जेवलीस?"

"जेवले की."

"आमच्या लहानपणी मेलेली म्हस माळावर टाकली की हीच पाखरं यायची," बाबा म्हणाले. "आता नुसती कुत्री येत्यात."

"तुम्ही गप बसा की!" आई ओरडली. तव्यावरची भाकरी करपली होती. ती उलटताना तिनं हळूच विचारलं, "ती पोरगी आता एकटीच हाय व्हय तिथं?"

"हो."

"फोन लाव तिला."

लावला. लागला नाही. जेवायला बसलो, तरी मी मधूनमधून फोन लावून बघत होते. डोळ्यांसमोर ती लाल शाल येत होती.