आत्याच्या मागचा पांढरा कागद

मी मशीन आणि मोजमापावर विश्वास ठेवणारा माणूस. कुणी भुताखेताचा विषय काढला की मी सरळ उठून चहा टाकायला जायचो... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय.

१९८६ सालची गोष्ट. मुलुंड पश्चिमेला पाच रस्त्यांजवळ, पहिल्या मजल्यावर माझा छोटा स्टुडिओ होता. नाहूरला राहणारी माझी सुमतीआत्या व्हिसाचे फोटो काढायला आली. मस्कतला तिच्या मुलीचे दिवस भरत आले होते, तिथे दुसरं कुणी नव्हतं. आतोबांना जाऊन जेमतेम आठ महिने झालेले. फोटो सोमवारपर्यंत एजंटकडे पोचायला हवे होते – मागे स्वच्छ पांढरं, सावली अजिबात नको.

हे तर माझं रोजचं काम. मागे पांढऱ्या कागदाचा रोल, त्यावर दोन्ही बाजूंनी एकेक मोठा दिवा, माणूस सहा फूट पुढे. कागदावर चेहऱ्यापेक्षा जास्त उजेड टाकला की सावली उरतच नाही.

फोटो धुतला, तर आत्याच्या मागे सावली. उंच माणसाची, एक खांदा उतरलेला.

दिवा हलला असेल म्हणून तिला दुसऱ्या दिवशी बोलावलं. परत तेच. त्याच दिव्यांत काढलेले बाकी गिऱ्हाइकांचे फोटो मात्र लख्ख. आत्याला म्हटलं, फिल्म खराब निघाली.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, तिला बसवून मी उजेड मोजायचा लाइट मीटर घेऊन कागदापाशी गेलो. डोळ्यांना सगळा कागद पांढराच दिसत होता. पण मीटर सरकवत तिच्या मागे आणला आणि काटा घसरला. माणसाच्या रुंदीएवढ्याच जागेत. तिला उठवलं – काटा वर. बसवलं – खाली.

आत्याने काय झालं ते विचारलं. खोटं बोलवेना. आदल्या दिवशीचा फोटो तिच्या हातात दिला आणि परत मीटर कागदाला लावला. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हे असेच उभे रवत," एवढंच म्हणाली. गिरणीत तीस वर्षं काढून आतोबांचा एक खांदा उतरला होता, ते मला तेव्हा आठवलं.

मग मागे न वळता, घरात बोलतात तशा आवाजात ती म्हणाली, "अहो, पोरीचा बाळंतपण करून मी परत येतलंय. आता जरा बाजूक व्हा."

माझ्या हातातल्या मीटरचा काटा थरथरला... आणि हळूहळू वर चढला. दिव्यांना मी हातही लावला नव्हता.

तो फोटो स्वच्छ आला. आत्या वेळेत पोचली, नात झाली, चार महिन्यांनी ती नाहूरला परतली. या विषयावर आम्ही कधीच बोललो नाही.

पुढे कितीदा तरी मी तेच दिवे लावून तशी सावली पाडायचा प्रयत्न केला. दोन्हीकडून इतका उजेड असताना ती टिकत नाही. तेव्हा कशी टिकली, मला माहीत नाही. आणि आत्याचं ऐकून ती बाजूला कशी झाली... हे तर मी स्वतःला विचारणंही सोडून दिलंय.